राखाडी म्हणून विणलेला जांभळा

त्या घरात कपाटं तीन. एकात कपडे, एकात भांडीकुंडी आणि तिसऱ्यात, म्हणजे सगळ्यांत मोठ्यात, लोकर. कपड्यांना जागा पुरेना तेव्हा धाकटीचे कपडे पलंगाखालच्या बॅगेत गेले, पण लोकरीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. वरच्या खणापासून खालच्यापर्यंत लड्या आणि गुंडे रंगाने लावलेले. पांढऱ्यातून मोतिया, मोतियातून बदामी, बदामीतून तपकिरी, असं करत करत शेवटी काळा. मधे कुठे एक गुंडा इकडचा तिकडे झाला तर ताईला लांबूनच दिसायचं. निदान ती तसं म्हणायची.

ताई म्हणजे थोरली बहीण. धाकटीला छोटी म्हणत. छोटीने पासष्टी ओलांडली, गुडघे बोलायला लागले, समोरचे दोन दात कवळीतले, पण थोरलीने एकदा छोटी म्हटलं ते म्हटलं. दोघींनी लग्नं केली नाहीत. का केली नाहीत हे विचारणारी माणसं एकेक करून गेली आणि तो विषय आपोआप मिटला.

ताईने उभा जन्म काढला लोकर रंगवायच्या कारखान्यात. तिचं काम रंग जुळवायचं. रंगवून वाळवलेली खेप आली की तिच्यातली एक लडी खिडकीशी न्यायची, मूळ नमुन्याशेजारी धरायची आणि दोनपैकी एक शब्द बोलायचा. ‘चालेल’ किंवा ‘परत’. तिने ‘परत’ म्हटलं की मालक आला तरी ते बदलत नसे. खेपेतून उरलेल्या लड्या कामगारांना स्वस्तात मिळत, त्या ती घरी आणायची, आणि तेच हे कपाट. छोटी टेलिफोन ऑपरेटर. याचं बोलणं त्याला जोडून द्यायचं आणि मधे आपलं काही घालायचं नाही, ही सवय तिला नोकरीतच लागली आणि पेन्शनीत गेल्यावरही सुटली नाही.

थंडी सुरू व्हायच्या आधी एक सकाळ ठरलेली असे. त्या सकाळी कुणी भेटायला यायचं नाही, कुकर लावायचा नाही, फोन आला तर छोटीने उचलायचा. खिडकीखाली पांढरी चादर अंथरायची, दिवे बंद करायचे आणि कपाट उघडायचं. ट्यूबलाइटखाली रंग निवडणं म्हणजे ताईच्या लेखी व्यभिचारच होता. आधी माणूस ठरवायचा, मग रंग, मग वीण, हा तिचा क्रम. माणूस ठरला की त्याचा एखादा जुना स्वेटर स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकायचा, तेवढ्याच वजनाची लोकर हाताशी आहे का बघायचं आणि वर बाह्यांसाठी थोडी जास्त धरायची. मग हाताच्या पंजाएवढा एक नमुन्याचा तुकडा विणायचा, धुवायचा, टाचण्या लावून वाळवायचा आणि आटला किती, सैलावला किती ते मोजायचं. घाईच्या लोकांनी विणू नये, दुकानात जावं, असं ती सांगायची. सगळं जमलं की लोकर, सुया आणि मापाची चिठ्ठी एका कापडी पिशवीत. अशा पिशव्या दाराच्या खुंटीवर ओळीने लटकायच्या आणि थंडीभर एकेक उतरायची.

छोटीला विणता येत होतं, पण तिचा हात सैल. तिने विणलेल्या मोज्यात दोन पाय मावायचे. म्हणून तिच्याकडे लड्यांचे गुंडे करणं, तुकडे जोडणं आणि राहिलेले धागे आत ओवणं अशी खालची कामं.

आणि दर वर्षी त्या सकाळच्या शेवटी छोटीची पाळी यायची.

“तुला राखाडी,” ताई म्हणायची.

“ताई, यंदा तो जांभळा बघूया का?”

“जांभळा तुला गिळून टाकेल. राखाडीच शोभतो तुला. कितीदा सांगायचं?”

शाळेच्या गणवेशावर राखाडी, नोकरी लागली तेव्हा राखाडी, बदली झाली तेव्हा जरासा गडद राखाडी. छोटीने चाळिशीपर्यंत दर थंडीत विचारून पाहिलं, पुढे विचारणं सोडून दिलं. आता कुणी म्हणेल, मग बाईने बाजारातून एक जांभळा स्वेटर आणायचा, हाय काय आणि नाय काय. पण त्या घरात विकतचा स्वेटर आणणं म्हणजे ताईच्या तोंडात मारण्यासारखं होतं. तेवढी हिंमत छोटीत नव्हती. खरं सांगायचं तर तेवढा राग होता, हिंमत नव्हती.

मग काही वर्षांपूर्वीच्या एका सकाळी ताईने कपाटातून फिकट जांभळ्या लोकरीच्या लड्या काढल्या, चादरीवर ठेवल्या आणि म्हणाली, “ही घे. हा राखाडी तुझ्यासाठी.”

छोटीला वाटलं, ताई थट्टा करतेय. पण ताई थट्टा करणाऱ्यांतली नव्हती. तिने लडी खिडकीशी धरली, मान तिरकी करून पाहिली, अगदी कारखान्यात पाहायची तशी, आणि म्हणाली, “चालेल.”

छोटीने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

त्याच सकाळी भाचीच्या पिशवीत ताईने मोतिया म्हणून पांढराशुभ्र घातला. भाची म्हणजे दोघींच्या वारलेल्या भावाची मुलगी, चार गल्ल्या सोडून राहणारी. तिच्यासाठी करड्यावर मोतिया पट्टे ठरले होते. ताई आंघोळीला गेली तशी छोटीने खुंटीवरची पिशवी उतरवली, पांढरा काढला, कपाटाच्या मागच्या बाजूने खरा मोतिया शोधला, तेवढाच तोलून आत टाकला आणि पिशवी होती तिथे लटकवली. ताईला काही कळलं नाही. तिच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. तेव्हा छोटीच्या लक्षात आलं की ताईच्या डोळ्यांत काहीतरी उतरलंय. पांढरं पिवळट दिसतं, निळं-जांभळं मातकट दिसतं, आणि जिने जन्मभर दुसऱ्यांच्या खेपा परत पाठवल्या तिला ते ठाऊक नाही.

आता इथे छोटीने सांगायला हवं होतं. ते तिलाही कळत होतं. पण ताईला काय सांगणार, तुझा डोळा चुकतो म्हणून? त्यापेक्षा तुझा पाय मोडलाय हे सांगणं सोपं. दया आली, हे खरं. मूग गिळून गप्प बसायची सवय होती, हेही खरं. पण या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती छोटीने स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटली नाही. तिला तो जांभळा हवा होता.

भाचीची पिशवी तिने बदलली. स्वतःची बदलली नाही.

स्वेटर झाला. छोटी तो घालून पेन्शन आणायला गेली आणि खिडकीवरच्या कारकुनाने मान वर करून पाहिलं. एवढंच. पण त्या बाईकडे पोस्टाच्या खिडकीवर कुणी मान वर करून पाहिल्याला जमाना झाला होता. येताना ती बाजारातून लांबच्या रस्त्याने आली, दुकानांच्या काचांत स्वतःकडे बघत बघत. त्या दिवशी ती इतकी खूश होती की घरी आल्यावर ताईच्या नजरेला नजर देववेना.

पुढच्या वर्षी ताईने गडद राखाडी म्हणून निळसर जांभळा काढला. त्याच्या पुढच्या वर्षी तपकिरीकडे झुकणारा राखाडी म्हणून पक्का, गर्द जांभळा. दर वर्षी छोटी इतरांच्या पिशव्या गुपचूप दुरुस्त करायची, आणि आपली तेवढी तशीच ठेवायची. कपाटातला क्रमही हळूहळू बिघडत चालला. ताई जे परत ठेवायची ते तिच्या डोळ्यांप्रमाणे ठेवायची. राखाडीच्या खणात जांभळे येऊन बसले, काळ्यांत गडद निळे. लांबून बघणाऱ्याला कपाट छान लावलेलं वाटायचं. जवळ गेलं की अंगावर काटा यायचा.

डॉक्टरांनी मोतीबिंदू आहे म्हणून सांगितलं तेव्हा छोटी बरोबर होती. “डॉक्टर म्हणाले, इतक्यात कापाकापी नको,” असं घरी येऊन ताईला म्हणाली तीही छोटीच. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. ताई बाहेर बाकावर बसली होती तेव्हा ते छोटीला म्हणाले होते, जेवढं लवकर कराल तेवढं बरं. त्यानंतर दोन थंड्या गेल्या.

शेवटी भाची हटून बसली. ताईने एका सकाळी गॅसच्या शेगडीऐवजी शेजारच्या ओट्यावर दूध ठेवलं आणि तापत का नाही म्हणून वाट बघत उभी राहिली, ते भाचीने पाहिलं. तिने परस्पर तारीख घेतली. आधी उजवा डोळा, मग काही आठवड्यांनी डावा.

छोटीची पाचावर धारण बसली. ताईला आता दिसणार. कपाट उघडणार आणि बघणार, की आपण राखाडीच्या खणात जांभळे लावलेत आणि घरात राहणाऱ्या बहिणीने ते वर्षानुवर्षं पाहिलंय. छोटीला ताईच्या रागाची भीती नव्हती, तो तिने आयुष्यभर खाल्ला होता. ताई विणायचं सोडेल, ही भीती होती. कारखाना सुटला, भाऊ गेला, पायऱ्या चढवेनात, तरी ती बाई सकाळी उठून खुंटीवरची पिशवी उतरवत होती. ते हातातून गेलं तर ती करणार काय?

ऑपरेशनच्या दिवशी भाची ताईला घेऊन गेली. छोटी म्हणाली, माझे गुडघे, मी घरी थांबते. आणि दार लागल्याबरोबर तिने चादर अंथरली, सगळं कपाट रिकामं केलं आणि लोकर पुन्हा लावायला बसली. जांभळे जांभळ्यांत, निळे निळ्यांत, पांढरे वर. ताईने तीस वर्षांपूर्वी जसं लावलं होतं तसं. दुपारपर्यंत कंबर पार मोडून आली. आपले तीन स्वेटर तिने घडी करून बॅगेत तळाशी घातले आणि एक जुना, खराखुरा राखाडी, कोपरांवर विरलेला, अंगात घातला. मग ती पलंगावर बसली आणि तिला वाटलं, सुटले.

पट्टी निघाली आणि ताईची मजा सुरू झाली. भिंती पांढऱ्या आहेत हा शोध तिला लागला. नळाखालचे डाग लागले. आरशात स्वतःला पाहून ती म्हणाली, “एवढी म्हातारी कधी झाले?” आणि छोटीकडे वळून, “तूही काही कमी नाहीस.” ती दिवसभर एक खेळ खेळायची. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. दूध या डोळ्याने पांढरं, त्या डोळ्याने पिवळं. आकाश या डोळ्याने निळं, त्या डोळ्याने कपडे धुऊन उरलेल्या पाण्यासारखं. “बघ तरी,” ती म्हणायची, “दोन घरं झाली माझी.” इतकी हसरी ताई छोटीने क्वचितच पाहिली होती, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

चौथ्या की पाचव्या दिवशी, सकाळी, ताईने कपाट उघडलं.

तिने दोन्ही दारं पुरती उघडली. मग म्हणाली, “बघ छोटे. डोळे गेले होते तरी हात चुकला नाही. कसं लागलंय बघ.”

“हो ना,” छोटी म्हणाली.

ताईने वरून खाली बोट फिरवलं, एकेका खणावरून, लाडाने. जांभळ्यांच्या खणाशी आली आणि गंमत म्हणून तिने नवा डोळा झाकला.

बोट थांबलं.

तिने हात काढला, पाहिलं. परत झाकला. परत काढला. एक लडी उचलून तिने खिडकीशी नेली आणि तिथेही तेच केलं. छोटी स्वयंपाकघराच्या दारात हातात फडकं घेऊन उभी होती. ते फडकं तिने विनाकारण पिळलं.

“हा मला त्या डोळ्याने राखाडी दिसतो,” ताई सावकाश म्हणाली. “मग त्या डोळ्याने मी तो जांभळ्यांत कसा ठेवला?”

छोटीने फडक्याची घडी घातली.

“मी नाही ठेवला. मी तो राखाडीतच ठेवला असणार.” ती वळली. “कधी लावलंस हे?”

“तू दवाखान्यात होतीस तेव्हा.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“हो.”

“केव्हापासून?”

छोटीने सांगितलं. पहिल्या जांभळ्यापासून सांगितलं, एका दमात. कामावर असताना इतकं सलग ती कधी बोलली नव्हती. पिशव्या बदलल्याचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले होते तेही सांगितलं. ताई खुर्चीवर बसून ऐकत होती आणि मांडीवर ती लडी तशीच होती.

“भाचीचा बदललास.”

“हो.”

“तिच्या नवऱ्याचा?”

“तोही.”

“आणि तुझे?”

छोटीने पलंगाखालून बॅग ओढली आणि तिन्ही स्वेटर आणून दिले. लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. ताईने एकेक खिडकीशी धरला, मान तिरकी केली. सगळ्यांत गर्द होता तो तिने सगळ्यांत जास्त वेळ पाहिला. मग खाली ठेवला आणि म्हणाली, “परत.”

“नाही देणार,” छोटी म्हणाली.

स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली. ताईनेही मान वर केली.

“माझे आहेत ते. तू मला दिलेस.”

“मी राखाडी दिले होते.”

“राखाडी मला नकोच होते. शाळेत असल्यापासून नको होते.”

“मग मागायचा होतास दुसरा.”

“मागितला होता. दर वर्षी मागितला. तू दर वर्षी नाही म्हणालीस. मग तुला दिसेनासं झालं आणि मला मिळाला. माझं चुकलं, ताई. तुला डोळ्यांचं सांगायला हवं होतं, ते मी आपल्या लोभापायी सांगितलं नाही, याची मला लाज वाटते. पण जांभळा घालून फिरले याची नाही वाटत.”

ताईने तिच्याकडे पाहिलं. नव्या डोळ्याने की जुन्या, कुणास ठाऊक. मग तिने एवढंच विचारलं, “हसलीस का कधी? माझ्यावर?”

“एकदाही नाही.”

ताईने लडी जागेवर ठेवली, कपाट बंद केलं आणि आतल्या खोलीत गेली.

त्यानंतर घरात बोलणं राहिलं ते कामापुरतं. गॅस संपत आलाय. औषधाचे थेंब घालायची वेळ झाली. दार लावून घे. खुंटीवर आधीच्या दोन पिशव्या लटकत होत्या, त्यांना ताईने हात लावला नाही. भाची आली, तिने विचारलं, “आत्या, विणकाम बंद का?” ताई म्हणाली, “ज्या डोळ्यांवर घरच्यांचा भरवसा नाही, त्यांनी कशाला विणायचं?” भाचीला काही कळलं नाही. छोटीला कळलं आणि ते तिच्या वर्मी लागलं. जे होऊ नये म्हणून तिने एवढा खटाटोप केला ते झालंच, आणि खटाटोपामुळेच झालं. ती रात्री न जेवताच उठली, तर ताईने “ताट तसंच का?” एवढंही विचारलं नाही.

एक फरक मात्र झाला होता. छोटी आता घरातही जांभळा घालायची. जायचं ते गेलंच होतं, निदान थंडी तरी वाजू नये. ताई बघायची आणि काही म्हणायची नाही. एकदा फक्त, भाजी निवडता निवडता, स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, “तरी नाहीच शोभत.” छोटीने ऐकलं आणि शेंगेचे दोर काढत राहिली.

डाव्या डोळ्याची तारीख आली. आदल्या दिवशी दुपारी छोटी दवाखान्याची पिशवी भरत होती. टॉवेल, थेंबांची बाटली, जुने कागद. बाहेरच्या खोलीत कपाटाचं दार वाजलं म्हणून ती आली, तर खिडकीखाली पांढरी चादर अंथरलेली आणि ताई शेजारी खुर्ची घेऊन बसलेली. उजव्या डोळ्यावर तिने तळहात दाबून धरला होता.

“डोळा दुखतोय का?” छोटीने विचारलं.

“नाही. इकडे ये.”

छोटी गेली.

“उद्या हाही डोळा शहाणा होणार,” ताई म्हणाली. “मग मला सगळं दिसेल आणि मी तुला काही घेऊ देणार नाही. मी अशीच आहे, आता या वयात बदलायची नाही. तुझ्या अंगावर भडक रंग बघितला की माझ्या तोंडून नाहीच येणार. तेव्हा काय हवं ते आज काढ. आज मी हो म्हणेन.”

छोटी उघड्या कपाटासमोर उभी राहिली. आयुष्यभर मागत आलेली बाई, तिला समोर सगळं मांडून घे म्हटल्यावर काय घ्यावं ते सुचेना. जांभळ्यांवरून तिचा हात फिरला, निळ्यांवरून फिरला. डोळे भरून आल्यामुळे तिलाही धड दिसत नव्हतं. शेवटी तिने पदराने डोळे पुसले आणि मधल्या खणात मागे, कधीच कुणासाठी न निघालेल्या, मोरपंखी लड्या होत्या, त्या बाहेर काढल्या.

“कोणता घेतलास?” ताईने विचारलं.

“मोरपंखी.”

“मला शेवाळी दिसतोय.”

“शेवाळी नाही ताई. मोरपंखी आहे. चांगलाच भडक आहे.”

“हं.” तळहात जागचा हलला नाही, बोटांत फटसुद्धा पडली नाही. “वजन कर. बाह्यांना पुरेल का बघ.”

छोटीने स्वयंपाकघरात जाऊन काट्यावर लड्या टाकल्या, शेजारी आपला जांभळा टाकून पाहिला. लोकर पुरत होती, थोडी उरणारही होती. ती परत आली तर ताईने नव्या डोळ्यावर मोठा हातरुमाल बांधला होता, डोक्यामागे घट्ट गाठ मारून, आणि सुया काढून ठेवल्या होत्या. पहिली लडी छोटीने गुडघ्यांवर चढवून गुंडा करून दिला. ताईने टोक शोधलं आणि टाके घालायला घेतले.

“नमुन्याचा तुकडा?” छोटीने विचारलं. ताईने तो वगळलेला तिने जन्मात पाहिला नव्हता.

“तो विणायला, धुवायला, वाळायला वेळ कुठे आहे? परवा पट्टी निघाली की मला हा रंग दिसणार आणि मी उसवायला धावणार. चार बोटं विणून झालेलं मात्र मी कधी उसवलेलं नाही. तेवढं आज व्हायला हवं.” सुया चालू झाल्या होत्या. “तो टेप घे आणि सरळ उभी राहा. वाकू नकोस, मापात येतं ते.”

छोटी सरळ उभी राहिली.